झाडातली नणंद

४ जून
आले एकदाची सासरी! वाटभर नवरोबा पासांग गात होता, इतकं बेसूर की मागच्या टोपलीतली कोंबडीसुद्धा गप्प झाली. सासूबाईंनी बांबूत शिजवलेलं डुकराचं मटण वाढलं. म्हणाल्या, मकासार शहरातल्या पोरी वाऱ्यावर जगतात की काय, नुसती हाडं! घर छान आहे. मागे कॉफीची झाडं, त्यापलीकडे बांबूचं बेट.
सगळे सासूबाईंना 'इंदो तासिक' म्हणतात, म्हणजे तासिकची आई. पण थोरला तर पासांग. मग तासिक कोण?

७ जून
पासांगनं सांगितलं. तासिक त्याची मोठी बहीण. दात येण्याआधीच तापानं गेली. आमच्याकडे अशा बाळाला मातीत पुरत नाहीत. जिवंत झाडाच्या खोडात ठेवतात, झाडाचा पांढरा चीक हेच त्याचं दूध. माझ्या आजोळीही असं झाड आहे. बाळाच्या आईनं मात्र त्या झाडाकडे पुन्हा कधी पाहायचं नसतं. तासिकचं झाड गेल्या वादळात पडलं.
बिचारी. कधी न पाहिलेली माझी नणंद.

११ जून
कॉफी तोडता तोडता बेटामागे गेले. झाड आडवं पडलंय. खोडातली पोकळी रिकामी, आतून गुळगुळीत. सासूबाईंना सांगितलं तर रागावल्या नाहीत. उलट जवळ बसवून विचारलं, छाती जड वाटते का गं?

१५ जून
भर दुपारी पोलकं भिजलं. पान्हा फुटलाय. मला! दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासलं, दिवस गेलेले नाहीत. म्हणाल्या, होतं कधीकधी असं.
सासूबाई मात्र गळ्यात पडून रडल्या. पपईच्या पाल्याची भाजी केली, दूध वाढावं म्हणून. म्हणाल्या, झाड पडल्यापासून उपाशी आहे गं ती. मी पाहू शकत नाही. तू पाहू शकतेस.

१८ जून
दुपारी डोळा लागला होता. छातीवर ओझं आलं. ओल्या लाकडाचा वास. डोळे उघडले — कोणी नाही. पोलक्याच्या गुंड्या सोडलेल्या. एक बाजू रिकामी, हलकी.
पासांगला म्हटलं, मला माहेरी पोचव. लहान आहे गं ती, म्हणाला. त्याला ठाऊक होतं. लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

२० जून
एकटीच निघाले. कुणी अडवलं नाही. नदीच्या वळणावर मागून रडणं ऐकू आलं — तान्ह्या पोराचं — छाती दगडासारखी झाली —
परत आले. माझी मीच.

२३ जून
आज चावली. दोन बारीक खुणा. रक्त.
सासूबाईंना दाखवलं. आनंदानं ओरडल्या, दात आले! माझ्या तासिकला दात आले! म्हटलं, मग भात भरवा. नको म्हणते, म्हणाल्या. तिला तूच लागतेस.

२५ जून
अंगात रक्त राहिलं नाही — पासांग दुपारचा घरात थांबत नाही —
नाही द्यायचं आज. दाराला कडी —
रडतेय. किती रडतेय —
घसा सुकेल गं बाई —
काढली कडी. ये. इकडे ये, माझी — हळू — अगं, तिथे नाही, गळ्याला नको —