गाडीतलं सोडण

मालवण, १२ नोव्हेंबर १९८४, दिवेलागण

पिकअपचं खडखडणं आज थांबलं. इंजिनच गेलं की काय, म्हणून मी धास्तावले होते. तिसरा गिअरही टिकत नव्हता. भावजी तो हाताने दाबून धरून मासळी पोचवायचे.

मिस्त्री गाडीखाली शिरला तो हसतच बाहेर आला. "वयनी, इंजिन बरा आसा. गिअरबॉक्साखाली रबराच्या जागी नारळाचा सोडण कोंबलेला आसा! ता झिजला."

ह्यांचंच काम. वर्षभराच्या नोकरीसाठी बोटीवर जायच्या घाईत केलं असणार. मला सांगितलंही नाही. सांगायला वेळ तरी होता का?

नवं रबर बसलं. नारळाच्या सालीचं ते सोडण मी पदरात बांधून आणलं. तेलकट, चपटं, कडेला कोयत्याचा तिरका काप. ह्यांचा हात नेहमी तिरकाच चालतो.

न्हाणीपाशी ठेवून टोपल्या उतरवायला गेले. परत येते तर सासूबाईंनी ते पाणी तापवायच्या चुलीत सारलेलं. तेलामुळे भडभडून पेटलं होतं. त्यांची काय चूक? सोडण म्हणजे जळणच.

आंघोळीला बसले. पाणी कढत होतं, पण आज त्यात गार पाण्याचं विसण घ्यावंसं वाटलं नाही.