भाडे घ्याल तर कर भराल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लॉज चालवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. नवरा गेल्यावर मी या आठ खोल्यांवर पोट भरले आणि दरवर्षी मुकाट्याने कर भरला. पुढे समोरच्या प्रार्थनामंदिराने गेस्ट हाउस बांधले. लिफ्ट, गरम पाणी, भाडे माझ्याहून कमी आणि कर माफ, कारण संस्था धार्मिक. मुख्य विश्वस्त माझा सख्खा थोरला भाऊ. मी पालिकेत तक्रार केली. करनिरीक्षक म्हणाले, "बाई, देवाशी स्पर्धा करता?"

"देवाशी माझं भांडण नाही. त्याच्या गेस्ट हाउसशी आहे."

तक्रार फेटाळली गेली. दादाने माझ्याशी बोलणे टाकले. सदर निरीक्षकांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

२. मग पूर आला. लॉजचा तळमजला बुडाला, गाद्या जिन्याला येऊन लागल्या. दादा कमरेएवढ्या पाण्यातून आला आणि "चल" एवढेच म्हणाला. गेस्ट हाउस त्यांनी सगळ्यांना उघडून दिले होते. लोकांची घरे पुन्हा उभी राहीपर्यंत कोणाकडून पैसा घेतला नाही. तिथेच मी त्याला म्हटले, "अशा खोलीवर कर नकोच, हे मी कुठेही सांगेन. पण भाडं घेतोस त्या खोलीवर भर ना."

"एवढंच होतं, तर आधी का नाही बोललीस?"

"तू बोलत होतास कुठे!"

किती वर्षांनी दोघे हसलो.

पुढे त्याची मुलगी, माझी भाची, विश्वस्त झाली. तिने ठराव आणला: भाड्याच्या खोल्यांचा कर आपण होऊन भरायचा, प्रार्थनेची जागा आणि फुकट दवाखाना यांची माफी राहू द्यायची. खजिनदार म्हणाले, "आज खोलीवर भरा, उद्या प्रार्थनेवर लावतील." ही भीती मी खोटी म्हणत नाही. ठराव एका मताने तरला. ते मत दादाचे.

३. म्हणून लॉज, गाद्या-चादरींसह, मी संस्थेला देते. इस्पितळातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे फुकट राहू द्यावे. धर्म कोणता, आहे की नाही, विचारू नये. फुकट आहे तोवर खुशाल करमाफी मागावी. एका खोलीचे जरी भाडे घेतलेत, तर त्या दिवसापासून माझ्यासारखा कर भरायचा.

४. बँकेतली शिल्लक आणि शिवणयंत्र चादरी धुणाऱ्या मावशींना. इस्त्रीचे टेबलही त्यांचेच. एक पाय डुगडुगतो, तो माझ्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा.

५. दादाला काही ठेवलेले नाही. आता तो विश्वस्तही नाही. वकील म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. भावाला देणार, की त्याची सही घेणार?"

मला त्याची सही हवी आहे.

स्थळ: लॉज, खोली क्रमांक एक
दिनांक: पाच मार्च, सोमवार
(सही) लॉजवाली

आमच्यासमोर सही केली:
१. डॉक्टरीणबाई
२. थोरला भाऊ (चष्मा विसरल्याने सही ओळीखाली घसरली आहे; ती त्याचीच आहे.)