भोपळ्यांचा शनिवार

प्रिय कॉरिन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी चष्मा शोधशील. वीसेक वर्षांत आपण एकमेकींना लिहिलं ते फक्त ब्रिटाच्या औषधांच्या आणि शाळेच्या वेळांबद्दलच्या चिठ्ठ्यांमधून, आणि त्याही तिच्या दप्तरातून जायच्या. मार्चमध्ये वेंडेल गेला, तेव्हा चर्चमध्ये तुझा हात हातात घेतला, तर ‘थंडी फार आहे ना,’ एवढंच माझ्या तोंडून निघालं. नवरा एकच, पण तो माझा होता तेव्हा तुझा नव्हता आणि तुझा झाला तेव्हा माझा उरला नव्हता. काय बोलायचं अशा वेळी?

गेल्या शनिवारी आम्ही लिंडग्रेनांच्या शेतावर भोपळे आणायला गेलो होतो. ब्रिटा, तिचा नवरा, त्यांची चार वर्षांची हेटी आणि मी. आदल्या रात्री पहिलं हिव पडलं होतं, त्यामुळे वेलींची पानं काळी पडून खाली बसली होती आणि भोपळे लांबूनच दिसत होते. म्हाताऱ्या लिंडग्रेनची सून आता ट्रॅक्टर चालवते. मागे ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून हेटी येईल-जाईल त्याला सांगत होती, “आम्ही दोन घेणार. एक माझा आणि एक आजोबांचा.”

घरातला नियम वेंडेलचाच. आपला भोपळा आपण उचलायचा, गाडीपर्यंत कुणाची मदत नाही. आमचं लग्न टिकून होतं त्या काळात ब्रिटा दरवर्षी झेपणार नाही असाच पसंत करायची आणि देठाला धरून ओढायची. हा ओरडायचा, “अगं, भोपळा आहे तो, पिशवी नाही!” देठ हातात यायचा, भोपळा चिखलात, आणि बापलेक हसून हसून आडवे. त्या दिवशी आमचं भांडण कधी झालं नाही. उरलेल्या वर्षभरात व्हायचं, पण त्या शनिवारी नाही.

घटस्फोटानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात तो तिला घेऊन गेला, आणि बरोबर तू होतीस. आठ वर्षांची होती ती. घरी आली ती तुझंच नाव घेत. कॉरिन सरळ चिखलात गुडघे टेकून बसते. कॉरिन टिचकी मारून सांगते कुठला चांगला. कॉरिनने भोपळ्यावर घुबड कोरलं, डोळ्यांसकट. मी बटाटे सोलत होते. “हो का? छान,” म्हणत सोललेलेच पुन्हा सोलत राहिले.

पुढच्या वर्षीचा तो शनिवारही वेंडेलच्याच वाट्याचा होता. सकाळी मी ब्रिटाला फोनपाशी उभं केलं आणि म्हटलं, बाबांना सांग बरं नाही म्हणून. तिने मला विचारलं, “ताप आलाय म्हणू, की पोट दुखतंय?” नऊ वर्षांच्या पोरीने मला पर्याय दिले, कॉरिन, आणि मी त्यातला एक निवडला. ताप. मग तिला गाडीत घालून चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या शेतावर गेले. तिथे मक्यातला भूलभुलैया होता, गरम सफरचंदाचा रस होता, साखरेत घोळवलेले डोनट होते. तिने दोन खाल्ले आणि परत येताना गाडीत ओकली. मला वाटलं, डोनटमुळे.

संध्याकाळी दार वाजलं. तू उभी होतीस. एका हातात सूपचं भांडं आणि बगलेत तिच्यासाठी आणलेला भोपळा. पायरीवर आमचे दोन ताजे भोपळे तसेच पडले होते, चिखल ओला होता अजून. तू ते पाहिलेस. तू पाहिलेस हे मी पाहिलं. तू म्हणालीस, “ताप उतरला की कोरू म्हणावं, घाई नाही,” आणि तुझा भोपळा त्या दोघांशेजारी ठेवून निघून गेलीस. ब्रिटा जिन्यात बसून ऐकत होती. वेंडेल या विषयावर मला कधी एक शब्द बोलला नाही, त्यावरून समजलं की तू त्याला सांगितलंच नव्हतंस.

त्यानंतर ती तुझ्याशी बोलेनाशी झाली. विचारलं तेवढ्याचं उत्तर, डोळे जमिनीकडे. आणि पुढच्या वर्षापासून तू म्हणायला लागलीस, “तुम्ही बापलेक जा, मला गवताची ॲलर्जी आहे.” गोठ्यात वाढलेल्या बाईला गवताची ॲलर्जी! मला तेव्हाच हसू आलं होतं. पण खरं सांगते, बरंही वाटलं. पोर आपल्याला जवळ करत नाही, असं तुला वाटत होतं हे मला दिसत होतं. का, हे मी शोधलं नाही. मला ते सोयीचं होतं.

तू घर विकलंस, महिनाअखेरीला बहिणीकडे टूसॉनला जाणार, हे ब्रिटाने मला शनिवारीच सांगितलं. वेंडेलच्या वस्तूंचं खोकं तू तिच्या हाती दिलंस आणि म्हणालीस, “आता मी तुझी कोण? तुला तुझी आई आहेच.” हेटी हातगाडी ढकलत पुढे गेली होती. ब्रिटा तिथेच भोपळ्यांमध्ये बसली आणि रडायला लागली. म्हणाली, “आई, तिला माहीत होतं मी खोटं बोलले. त्या दिवसापासून मला तिच्याकडे बघवलं नाही. ती इतकी वर्षं माझ्याशी चांगली वागत राहिली आणि मला आणखीच लाज वाटत राहिली. आता ती चाललीय आणि तिला वाटतं मला ती कधी आवडलीच नाही.” मी तिला म्हटलं, खोटं माझं होतं, तू फक्त बोललीस. ती म्हणाली, “हे एकवीस वर्षांपूर्वी सांगायचंस ना.”

तिचं बरोबर आहे. म्हणून हे पत्र. तिच्याच्याने तुला सांगवणार नाही, मी ओळखते तिला. ती दारापर्यंत येईल, खोकी गाडीत भरू लागेल आणि ‘जपून जा’ म्हणून परत फिरेल. त्या पोरीने तुला कधीच नाकारलं नव्हतं, कॉरिन. ते माझं काम होतं, आणि तिने ते तेवढी वर्षं अंगावर वागवलं. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. टूसॉनला खुशाल जा. पण त्याआधी फोन कर. मला नको, तिला.

तुझीच, उशिराने का होईना,
मार्लिस