बुधवारची बाटली

१२ मार्च, सकाळचे अकरा

प्रिय ताई,

सा. न.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजी फिरायला जातात की अजून कारणंच सांगतात? माझं दुकान चार दिवस बंद आहे. दारावर 'मालक आजारी' अशी पाटी लावलीय. औषधाच्या दुकानावर ही पाटी वाचून लोक हसत पुढे जातात.

आज मुद्दाम आमच्या नर्सबाईंबद्दल लिहायचंय. क्षयाच्या दवाखान्यात पहिले दोन महिने मला समोर बसवून गोळ्या गिळायला लावायच्या, त्याच. चणीने एवढ्याशा, पण आवाज असा की रांगेतली दांडगी माणसंही निमूट तोंड उघडून दाखवतात. मी तीस वर्षं गोळ्या विकल्या. पोटात गेल्यावर त्या काय करतात, हे मात्र मला बाईंनी समजावलं.

चार औषधं का, तर एक भराभर वाढणाऱ्या जंतूंना मारतं, दुसरं झोपून राहिलेल्यांना गाठतं, तिसरं पेशींच्या आतल्या आंबट कोपऱ्यांत शिरतं, आणि चौथं बाकीच्यांची राखण करतं, म्हणजे जंतू एखाद्या औषधाला सरावले तरी निसटत नाहीत. आणि त्याच्याही आधी आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना घेरून भिंत बांधून बसलेल्या असतात. कधी कधी वर्षानुवर्षं! मी गल्ल्यावर जांभया देत होतो तेव्हा माझ्या छातीत हे चाललं होतं. ऐकून स्वतःच्याच शरीराला हात जोडावेसे वाटले.

दोन महिन्यांनी बाई पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी देऊ लागल्या. खोकला गेला होता, वजन वाढलं होतं. गोळ्यांनी मळमळायचं. मग मी माझं शहाणपण चालवलं.

ताई, मी गोळ्या बंद केल्या. सहा आठवडे.

त्यातली एक गोळी लघवी नारिंगी करते आणि बाई त्या रंगावरूनच पारखतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून दवाखान्याच्या सोमवारी तेवढी सकाळी घ्यायची आणि बाटली भरून ऐटीत द्यायची. ही अक्कल फक्त औषधवाल्यालाच सुचणार. गेल्या बुधवारी बाई न सांगता दुकानात आल्या, रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "जाऊन या." बाटली उजेडात धरून त्यांनी पाहिली. साधी, पिवळसर.

"साहेब, तुम्हाला सगळी औषधं पाठ आहेत. लघवीला मात्र खोटं बोलता येत नाही."

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. थुंकी तपासायला नेली, काल निकाल आला. जंतू परत आले आहेत. नशीब एवढंच की जुनीच औषधं अजून चालतात. पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा बाईंसमोर.

कोणाकोणाकडे गेला होतात, असं त्यांनी विचारलं. मी सगळी नावं सांगितली, तुझं सोडून. आज सकाळी तेही सांगितलं.

गोळ्या बंद असतानाच मी तुझ्याकडे आलो, त्या रविवारी तू नातवाला माझ्या हातात देण्याआधी दारातच विचारलं होतंस, "गोळ्या चालू आहेत ना रे?" मी म्हणालो, "एकही चुकवली नाही." तो पाच महिन्यांचा जीव दोन तास माझ्या खांद्यावर झोपला. मी खोकत होतो, आणि धुळीने होतंय असं सांगत होतो. फोनवर हे बोलायला जीभ रेटली नाही.

बाई म्हणतात, घाबरू नका, पण आजच तपासायला हवं. काही निघालं नाही तरी बाळाला काही महिने औषध द्यावं लागेल. इतक्या लहान अंगाला ती भिंत नीट बांधता येत नाही. घरात सगळ्यांचीच तपासणी होईल.

पोस्टाने तीन दिवस गेले असते, म्हणून पत्र बाईच आणतायत. तू हे वाचतेस तेव्हा त्या तुझ्या दारात उभ्या असतील. त्यांना आत घे. बाळ त्यांच्याकडे दे. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, त्यांच्यावर नको. त्या सांगतील ते औषध एक दिवसही चुकवू नकोस. हे मी तुला सांगावं, याची मला लाज वाटते.

तुझ्या दारात तुझ्याशी खोटं बोललेला,
धाकटा