हिरव्या रंगाला पक्ष नसतो

११ मे १९८८, सकाळी

वाचून घेणाऱ्या बाई, तुला आठवत नसेल म्हणून सांगते, तू म्हणजे मीच. ओब्दुलिया मुर्सिया, राहणार मूसोच्या पाचूच्या खाणींच्या वरची वाडी. काल चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत होतीस, तेही विसरली असशील. म्हणून ही रोजनिशी. मला अक्षर येत नाही. चष्मा आहे तो खडे बघायला. मी बोलते, सून फ्लोर आल्बा लिहिते, आणि लिहिलेलं विसरून जाते, असं ठरलंय. विसरण्यात तिचा हात कोण धरणार, सूपमधलं मीठ रोज विसरते.

(आत्ता तिने पेन जोरात दाबलं. दाब, कागद तुझ्याच नवऱ्याच्या पैशाचा आहे.)

काल खाणींवरून आमच्याशी वैर असलेल्या नदीपलीकडच्यांनी आमच्या बेकरीवाल्याला गोळी घातली. पाव भट्टीतून निघाल्यावर घातली, एवढी माणुसकी दाखवली. परवा आमच्या लोकांनी त्यांचा खेचरवाला मारला होता, खेचरासकट. खेचराचं मला वाईट वाटलं.

संकल्प: हे सगळं मी थांबवणार. पुरुषांना जमत नाही, कारण ते एकदम मोठा विचार करतात.

१३ मे

प्लॅन तयार. माझ्या धाकट्या एलीएसेरच्या बाळाचा बाप्तिस्मा अजून व्हायचाय. बाळाचा धर्मबाप करायचं पलीकडच्यांच्या म्होरक्याला, डॉन कुस्तोदियोला.

पाणी डोक्यावर पडलं की धर्मबाप आणि खरा बाप एकमेकांचे कोंपाद्रे झाले. ते नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट. या खोऱ्यात भावाने भावाला मारलंय, मेव्हण्याने मेव्हण्याला मारलंय, एक जण सासऱ्याला मारून वर त्याच्याच मयताचं जेवण जेवलाय. पण कोंपाद्रेवर कुणी हात उचललेला नाही. ही एवढी एक गोष्ट आमच्यात शिल्लक आहे.

माझ्या थोरल्याला, गोन्सालोला, गेल्या डिसेंबरात नदीच्या उतारावर मारलं. पलीकडच्यांपैकी कुणी ते सगळ्यांना माहीत आहे. आता एलीएसेर उरलाय. एवढा एक मला जिवंत हवा. बाकी माझं काही मागणं नाही.

फ्लोरला विचारलं कसा वाटतो प्लॅन. म्हणाली, सासूबाई, बाळ माझं आहे. मी म्हटलं, अगं म्हणून तर तुला विचारतेय. म्हणजे तिची हरकत नाही.

१६ मे

फादर आन्सेल्मोंकडे जाऊन आले. आधी म्हणाले, ओब्दुलिया, तुम्ही आजारी आहात का? मग म्हणाले, निरोप पोचवतो, पण एक अट. देवळात एकही हत्यार चालणार नाही. गेल्या लग्नात गोळी येशूच्या गुडघ्याला लागली, अजून प्लास्टर भरून आलेलं नाही.

मी म्हटलं, दारात टोपली ठेवा. सगळ्यांची रिव्हॉल्व्हरं टोपलीत. टोपलीवर मी स्वतः बसते. माझ्या बुडाखालून काढून घ्यायची कुणाची छाती आहे?

फादरनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. कौतुकानेच असणार.

२० मे

झग्याचा विषय. शांतीसाठी निघालेल्या बाईने काळ्यात जाणं बरं दिसत नाही. फ्लोर म्हणाली, तुमचा निळा आहे ना चांगला. या मुली कालच्या आहेत, यांना काय सांगायचं. माझ्या लहानपणी निळ्या पक्षाचे लाल्यांना आणि लाल पक्षाचे निळ्यांना कापत. माझा काका निळा रुमाल गळ्यात बांधून बाजाराला गेला, रुमाल परत आला. तेव्हापासून लाल नाही, निळा नाही.

हिरवा घ्यायचा. पाचूसारखा. हिरव्या रंगाला पक्ष नसतो. हिरव्यासाठी कुणी कुणाला मारत नाही.

(फ्लोरने पेन खाली ठेवलं. विचारलं काय झालं. म्हणाली, काही नाही, हात भरून आला.)

चिकिनकिराच्या बाजारातून साटीन मागवलं. मला हौस म्हणून नाही.

२५ मे

कोंबड्यांच्या झुंजीत काल गोळीबार. तीन माणसं आणि जिंकलेला कोंबडा. हरलेला पळाला, शहाणा.

झग्याची ट्रायल झाली. फ्लोर शिवते बरी, पण टाचण्या मुद्दाम टोचते. फ्लोरच्या मासिकात बोगोताच्या बायका बघितल्या. सगळं हिरवं, झगा हिरवा, बूट हिरवे, पर्स हिरवी, पापण्याही हिरव्या. त्यांना हिरवं कळत नाही. पाचू थोडासाच हवा आणि शेजारी काळं हवं. आमच्या डोंगरावर इतकी झाडं आहेत, हिरवी गर्द, कुणी मान वर करून बघत नाही. पण काळ्या चिखलात नखाएवढा पाचू चमकला की पन्नास फावडी एकदम थांबतात. मग ज्याला सापडला तो थांबत नाही, पळतो. बघताना वाटतं, आत पाणी आहे, ओठ लावावेत. पानाचा हिरवा वाळतो, पोपटाचा झडतो. हा तसाच राहतो आणि बघणारे मरतात.

माझा झगा मात्र गळ्यापासून घोट्यापर्यंत हिरवा. या वयात चालतं.

कानांत माझ्या नवऱ्याने, बेलिसारियोने, लग्नात दिलेले पाचूचे झुबे. भिंतीत लपवले होते, खणून काढले. मॅचिंग झालं. हेही शांतीसाठीच.

३१ मे

डॉन कुस्तोदियोचा होकार आला. मला माहीत होतं. फादर सांगत होते, निरोप ऐकून तो हसला, म्हणजे त्याचा पुढचा दात दिसला. दातात पाचू बसवलाय त्याने. फुकटात कुणासमोर हसत नाही. म्हणाला, म्हातारीला सांगा, धर्मबाप रिकाम्या हाताने येणार नाही. बाळासाठी असा खडा आणतो की खोऱ्याने बघितला नसेल.

संकल्प: त्या खड्याकडे मी बघणारसुद्धा नाही. बाळाचा आहे तो.

एलीएसेरला सांगितलं. तो रिव्हॉल्व्हर उघडून तेल घालत बसला. पूर्वीपासून नीटनेटका आहे तो, धूळ सहन होत नाही. गोन्सालो तापट होता, हा माझं कोकरू. लहानपणी कोंबडी कापताना रडायचा. टोपली भरायची वेळ आली की आपलं हत्यार पहिलं ठेवशील ना, विचारलं. म्हणाला, आई, तू सांगशील तसं. इतका गुणी मुलगा खोऱ्यात दुसरा नाही.

४ जून

एक छोटी अडचण. पुलावर दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटल्या. कुणाचं काही विशेष झालं नाही, पलीकडच्या एकाचा कान गेला आणि आमचा एक नदीत. निरोप पाठवला की बाप्तिस्मा ठरल्याप्रमाणेच. दोन्ही बाजूंचं उत्तर आलं, अर्थातच, कपडे शिवून झालेत. शांतीची ओढ सगळ्यांना आहे, फक्त कुणीतरी सुरुवात करायला हवी.

एलीएसेरने आज गोन्सालोच्या खड्याचा विषय काढला. विनाकारण. गोन्सालो मेला त्या दिवशी त्याच्या खिशात एक पाचू होता. दोघा भावांनी मिळून चिखलातून काढलेला. विकायला निघाला होता, खडा प्रेताबरोबर सापडला नाही. निघण्याआधी मला उन्हात दाखवला होता. प्रत्येक पाचूच्या पोटात रेघांची बारीक बाग असते, दोन खड्यांची कधी सारखी नसते. त्याच्या बागेत माशाच्या काट्यासारखी रेघ होती, शेपटीजवळ मोडलेली. एलीएसेरने विचारलं, आई, परत दिसला तर ओळखशील? मी म्हटलं, अरे, तुला गर्दीत ओळखीन तसा ओळखीन. खड्याच्या बाबतीत माझ्या डोळ्याला तोड नाही.

११ जून

उद्या. केस धुतले. सगळे संकल्प फ्लोरकडून परत वाचून घेतले. टोपलीवरून उठायचं नाही. खड्याकडे बघायचं नाही. शिवाय एक नवा, दिवसभर तोंड बंद ठेवायचं. हा शेवटचा फ्लोरने सुचवला, पण मी मोठ्या मनाने घेतला.

१२ जून, रविवार

बाप्तिस्मा झाला. बाळ रडलं नाही.

आज जास्त सांगत नाही.

१५ जून

जसं झालं तसं सांगते, म्हणजे पुढे कुणी उगाच माझ्यावर ढकलायला नको.

सगळं माझ्या प्लॅनप्रमाणे झालं. पलीकडचे आले, टोप्या काढल्या, टोपलीत रिव्हॉल्व्हरं ठेवली. एलीएसेरने पहिलं ठेवलं. मी टोपलीवर बसले. टोचत होतं, तरी बसले. फादरनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं. डॉन कुस्तोदियोने एलीएसेरला मिठी मारली आणि म्हणाला, कोंपाद्रे. एलीएसेरही म्हणाला, कोंपाद्रे. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, झुब्यांसकट.

मग डॉन कुस्तोदियोने कोटातून पांढऱ्या कागदाची पुडी काढली.

आता छपराखाली पाचू कुणी बघतं का? या खोऱ्यात जन्मलेला माणूस पुडी दिसली की पायांनी आपोआप उन्हाकडे जातो. सगळे दाराबाहेर पायरीवर गेले. फादर गेले. मेणबत्त्या विझवणारा गेला. डॉन कुस्तोदियो म्हणाला, आजीबाईंनी आधी बघावा, खोऱ्यात डोळा त्यांचाच. आता एवढ्या मानाने बोलावल्यावर बसून राहणं उद्धटपणा झाला असता. मी दोन मिनिटांसाठी उठले.

खडा उन्हात धरला. काय सांगू. असा हिरवा की डोळ्यांत पाणी आलं. आत बाग. बागेत माशाचा काटा, शेपटीजवळ मोडलेला.

आणि मी म्हटलं, अरे, हा तर आपल्या गोन्सालोचा.

ओळखला याचा आनंद झाला म्हणून म्हटलं. एवढंच. कुणालाही झाला असता.

डॉन कुस्तोदियोचा चेहरा पडला. म्हणाला, आजीबाई, मी हा बाजारातून घेतलाय, देवाशपथ. मला वाटतं खरंच घेतला असेल. ज्याचा भाऊ मारला त्याच्याच घरी त्या भावाचा खडा कुणी भेट आणेल का? पण एलीएसेर तोवर आत गेला होता. टोपलीवर कुणी नव्हतं.

माझ्या कोकराने कोंपाद्रेला पायरीवर मारलं. पहिली गोळी पोटात, दुसरी तोंडात, दात फुटला. बाळाच्या डोक्यावरचं पाणी सुकायच्या आत. मग कळलं की टोपलीत प्रत्येकाने आपल्याला नको असलेलं रिव्हॉल्व्हर ठेवलं होतं, चांगलं बुटात होतं. पलीकडच्यांचा पुतण्या पडला, आमचे दोघे पडले, फादरच्या झग्याला आरपार भोक, आत फादर शाबूत. एलीएसेरच्या मांडीत दोन गोळ्या गेल्या. फ्लोर बाळाला घेऊन पाण्याच्या दगडी कुंडामागे बसली होती.

खडा माझ्या हातातून चिखलात पडला. मी खाली वाकले ती गोळी चुकवायला. हात चिखलात गेला तो आपोआप. शेजारी बघते तर पलीकडचे तिघे, आमचे चौघे, सगळे रांगत चिखल चिवडतायत, वरून गोळ्या. एकाने माझा हात ढकलून तिथे आपला घातला. मी त्याला म्हटलं, मुडद्या, वय बघ माझं. तो म्हणाला, माफ करा आजी, आणि शोधत राहिला. एलीएसेर हाका मारत होता, आई, आई. मला ऐकू येत होतं. येतच होते मी.

खडा सापडला नाही. हिरवा झगा गुडघ्यापर्यंत काळा. धुतला, जात नाही.

प्लॅनमध्ये चूक नव्हती. कोंपाद्रेचं नातं पलीकडच्यांनी पाळलं, आमच्यानेच पाळलं नाही, एवढंच. हे मी फ्लोरला सांगितलं. ती लिहितेय तेवढं लिहितेय.

३ जुलै

आज फादर आन्सेल्मो लिहितायत. ते प्रत्येक वाक्याला सुस्कारा सोडतात, फ्लोर निदान नुसतं पेन दाबायची.

फ्लोर बाळाला घेऊन शहरात गेली, एलीएसेरला ठेवलंय त्या तुरुंगाजवळ खोली घेतलीय. जाताना माझ्याशी एक वाक्य बोलली, ते लिहायचं नाही.

एलीएसेरची मांडी भरतेय. त्याला किती शिक्षा होणार कुणी सांगत नाही. पलीकडून डॉन कुस्तोदियोच्या बायकोचा निरोप आला. बाळाला कुणी हात लावणार नाही, ते तिच्या नवऱ्याचं धर्मलेकरू आहे. एलीएसेर तुरुंगाबाहेर पडेल त्या दिवशी दारातच मारतील. बाई शब्दाची पक्की आहे. म्हणून मी आता देवाकडे शिक्षा लांबव म्हणून मागते. फादर म्हणतात, अशी प्रार्थना त्यांनी कधी ऐकली नाही. त्यांना म्हटलं, लिहा गुमान.

तुरुंगाच्या स्वयंपाकघरात पलीकडच्यांची माणसं आहेत, आमच्यातल्या एकाचं पोट गेल्या महिन्यात फाटलं, जेवणात काचेचा भुगा निघाला. म्हणून हे पान फाडून फ्लोरला पाठवायचं.

फ्लोर, तिथलं अन्न त्याला तोंडात घालू देऊ नकोस. रोज बाहेरून पाठव, तुझ्या हातचं, पण डबा आत नेणारे हातही त्यांचेच आहेत. सूप नको, त्याला कितीही आवडत असलं तरी नको. भात नको, पाव नको, ज्यात बोट घालता येतं असं काहीच नको. सालीसकट उकडलेले बटाटे पाठव. सोललेली नसलेली केळी पाठव. अंडी कडक उकडून कवचासकट पाठव, आणि डब्यात ठेवण्याआधी प्रत्येक उन्हात धरून नीट बघ. तडकलेलं एकही नको.