वास: शून्य

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी

आजपासून मी कागदाचा लगदा करणाऱ्या मिलची अधिकृत वास-निरीक्षक. मिलच्या पर्यावरण विभागातली कायसा काल स्वतः घरी येऊन सांगून गेली. रोज तीनदा दाराबाहेर उभं राहायचं, खोल श्वास घ्यायचा आणि शून्य ते पाच यांतला आकडा ठरवायचा. शुक्रवारी फोनवर कळवायचं. मानधन नाही, पण मिलचं चिन्ह असलेला मग मिळाला. प्रार्थनागृहातल्या बायका खोटं बोलत नाहीत म्हणून तुम्हाला विचारलं, असं म्हणाली.

सकाळचा आकडा: तीन. सडक्या कोबीचा. पण माझं नाक मुळातच तिखट आहे. एक वजा करणं न्यायाचं. दोन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

कायसा फोनवर फार खूश झाली. वास जाळून टाकणारी नवी भट्टी जुलैत बसवली, तिचा गुण दिसतोय म्हणाली.

संकल्प: बर्फ पडायच्या आत शून्य. रोज प्रार्थना. कारण वास गेला की माझा मुलगा यालमारी परत येईल. तो गेला तो वासामुळेच. त्याची लेम्पी तेव्हा दीड वर्षाची होती. वारा मिलकडून आला की तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. सूनबाई लिनेआ तिला मांडीवर घेऊन खिडकी घट्ट लावून बसायची. शेवटी तिघं स्वीडनला गेली. चार वर्षं झाली. नात मला फोनवर 'तुम्ही' म्हणते.

नवऱ्याला, ताइस्तोला, संकल्प सांगितला. तीस वर्षं मिलच्या चुनाभट्टीवर असूनही या माणसाला मिलचं कौतुक नाही. म्हणाला, वास गेला म्हणजे सगळंच चांगलं असं नसतं गं. त्याचा स्वभावच उदास. लग्नातही असाच उभा होता.

२३ ऑगस्ट, शनिवार

धक्क्यावर सतरंज्या धुतल्या. खाडीचं पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसले. दरवर्षी तपकिरी फेस धुऊन मग सतरंजी धुवावी लागायची. यंदा साबण निम्माच लागला. उरलेला पुढच्या वर्षाला.

शेजारची राउहा पलीकडच्या फळीवर घासत होती. ओठ रंगवून सतरंज्या धुणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, सायमी, तुझं नाक मिलच्या पगारावर आहे का गं? मी म्हटलं, माझं नाक देवाच्या पगारावर आहे. ती म्हणाली, मग देवाला विचार, लाकडाच्या गाड्या का येत नाहीत ते. बायका हसल्या. मी ब्रश चालू ठेवला.

गाड्या कमी झाल्या हे खरं आहे. त्यामुळे रस्त्यावरची धूळ बसली. तोही पर्यावरणाचाच भाग. राउहाला एवढं कळत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनागृहात प्रवचन लांबलं. विषय: कृतज्ञता. जणू माझ्यासाठीच.

दुपारी मिलमध्ये पर्यावरण दिवस. कॉफी आणि वेलचीचा पाव फुकट. मॅनेजरने पडद्यावर आलेख दाखवले. मी मॅट्रिक आहे, आलेख मला कळतात. वास खाली. धूर खाली. खाडीत जाणारी घाण खाली. एक काळी रेघही तशीच खाली जात होती, ती उत्पादनाची. कायसाने ते चित्र पटकन बदललं. मला त्यात रसही नव्हता.

टाळ्या वाजल्या. मागच्या बाकावरचे कामगार वाजवत नव्हते. सवय नाही त्यांना चांगल्या गोष्टींची. उरलेले दोन पाव रुमालात बांधून आणले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळ शून्य. दुपार शून्य. संध्याकाळ शून्य. या आठवड्यात वजाबाकी करावीच लागली नाही. देवाने ऐकलं.

ताइस्तो दोन आठवडे घरी आहे. त्यांची पूर्ण पाळीच घरी पाठवली आहे. भट्ट्यांना विश्रांती. यंत्रं दमली की वास मारतात हे कुणाच्याही लक्षात येईल. त्याने जळाऊ लाकडं फोडून रचली. दोन हिवाळे पुरतील. मग ती पुन्हा खाली काढून पुन्हा रचली. मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाला, हाताला काहीतरी पाहिजे.

रेडिओ बिघडला म्हणून त्याने मागेच मिलमध्ये दुरुस्तीला नेलाय. अजून आणलेला नाही. एका दृष्टीने बरं, वीज वाचते.

४ ऑक्टोबर, शनिवार

राउहाच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली. चंचल बाई. तिचा नवरा लगदा शिजवायच्या हंड्यांवर होता, आता दक्षिणेत कुठे तरी गोदामात लागला म्हणे. कुंपणावरून ओरडली, अगं सायमी, कालच्या बातम्या पाहिल्या नाहीस का? आमच्या पंथात घरी टीव्ही ठेवत नाहीत हे तिला पंचवीस वर्षं माहीत आहे. मुद्दाम टोचते. मी म्हटलं, देवाची शांती असो तुला, आणि दार लावून घेतलं.

मग खिडकीतून पाहिलं तर ती तिथेच उभी होती. डोळे पुसत होती. वाऱ्याने असेल.

पांढरे पडदे शिवायला घेतले. या गावात पांढरे पडदे कुणी लावत नसे, राख बसायची. लेम्पीच्या खोलीला लावीन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. रात्री जेवणानंतर

यालमारीचा फोन. तिकडे घराच्या भिंतीला ओल आहे, लेम्पी पुन्हा खोकते आहे. म्हणाला, आई, खरंच वास नाही? आमच्यात शपथ घेत नाहीत, नाहीतर घेतली असती. म्हटलं, बाळा, काल दोरीवर चादरी वाळत घातल्या आणि त्यांना चादरीचाच वास आला. त्याने नाक ओढलं. रडला असावा.

मग विचारलं, मिलमध्ये वेल्डर घेतात का? मी म्हटलं, इतकी सुधारलेली मिल वेल्डर का घेणार नाही? विचारलं, बाबा काय म्हणतात? बाबा समोरच बसले होते. नाही नाही अशी मान हलवत होते. फोनसाठी हात पुढे केला. पण परदेशाचा फोन, मुलाचं बिल किती वाढणार? आणि बोलायचं म्हटलं की ताइस्तो आधी खोकतो, मग थांबतो, मग पुन्हा खोकतो. मी देवाच्या हवाली केलं आणि फोन ठेवला.

ताइस्तो म्हणाला, तू हे बरं केलं नाहीस. म्हटलं, मग काय ते सांग ना! म्हणाला, अजून नक्की काही नाही. नक्की नाही तर सांगायचं कशाला?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ते येताहेत!! यालमारीने तिकडची नोकरी सोडली, घरही सोडलं. ट्रक ठरवला आहे. आठ तारखेला पोचतील.

ताइस्तोला सांगितलं. तो बराच वेळ बूट घालत बसला. मग एकच बूट घालून बाहेर गेला. थंडीत. आनंद झाला की पुरुषांना असंच होतं.

पहिला बर्फ पडला. पांढरा. इथे बर्फ दुसऱ्या दिवशी करडा व्हायचा, तो पांढराच राहिला. वास शून्य.

५ नोव्हेंबर, बुधवार

मिलच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बोलावलं, घरच्यांनाही. मला वाटलं सुधारणेबद्दल बक्षीस मिळालं असेल. चांगला स्वेटर घालून गेले.

मॅनेजर उभा राहिला. मिल बंद. लाकूड महाग, लगद्याला भाव नाही. भट्ट्या आता पेटणार नाहीत. सगळे कामावरून कमी, म्हणजे सगळेच. पर्यावरणाच्या बाबतीत शेवटचं वर्ष सर्वोत्तम ठरलं, असंही म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, अरे, बंद मिल घाण कशी करेल? कुणी हसलं नाही. कायसा भिंतीला टेकून रडत होती.

चालत घरी आलो. वाटेत ताइस्तोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, ऑगस्टपासून कुजबुज होती. रेडिओ बिघडला नव्हता. म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, हातात कागद मिळेपर्यंत माणूस आशा धरतो. आणि तू इतकी खूश होतीस.

यालमारीला लगेच कळवायला हवं होतं. पण ट्रकची आगाऊ रक्कम भरली आहे, ती बुडाली असती. उद्या सावकाश सांगू असं मी ठरवलं. ताइस्तोने स्वतःच फोन उचलून त्याला सांगितलं आणि या वेळी खोकला नाही. तिकडे यालमारीच्या जागी दुसरा माणूस लागलाय. घराच्या किल्ल्या देऊन झाल्या आहेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आकडे कळवायला फोन केला. हा क्रमांक वापरात नाही, असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. आवाज चांगला होता तिचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

लेम्पी आलीये. रात्रभर शांत झोपली, छातीचा आवाज नाही. मी उशाशी बसून ऐकलं. औषधाला हातही लावावा लागला नाही. मी काही चुकीचं सांगितलं नव्हतं, हे लिहून ठेवते. हवा मी म्हटलं तशीच आहे.

 लिनेआने खोकी उघडलेली नाहीत. मी म्हटलं, उघडू का? म्हणाली, राहू द्या आई, परत बांधायला लागतील.

यालमारी मात्र चिडला नाही. चिडला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. काल सौनात, वाफेच्या न्हाणीत, बापाशेजारी बसला. मी टॉवेल ठेवायला गेले तेव्हा एवढंच ऐकलं: बाबा, एका शब्दाने सांगायचं होतंत. मग तापल्या दगडांवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज झाला.

आज रोजगार कार्यालय नऊला उघडतं. निम्मं गाव तिथे असणार, म्हणून पहाटेच उठवलं दोघांना. डबा दिला, थर्मासमध्ये कॉफी दिली. बाप-लेक एकाच गाडीतून गेले. पेट्रोल वाचलं.