जुना पाइप नाहीच असं धरून

नवीन जालना, ३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी माझ्या दारापुढच्या फरशीवर कुणीतरी खडूनं लिहून गेलं— "अर्धवट?" मी सातवी शिकलेलो. एवढं वाचता येतं.

सुनेला दाखवलं. दीपमाला शाळेत शिकवायला निघाली होती. म्हणाली, "मामा, तुम्हाला न्हाई. गटाराच्या पाइपाला लिहिलंय."

दिवसभर तिथंच बघत बसलो.

४ फेब्रुवारी

पालिकेच्या इंजिनियर अंतरा मॅडम आल्या. गल्ली न खोदता जुन्या पाइपात आतून अस्तर घालणार. औषधात भिजवलेली लांब पिशवी आत सोडायची, फुगवायची, गरम पाण्यानं कडक करायची. अस्तर किती जाड, ते अमेरिकेचं एक पुस्तक ठरवतं. त्यात दोनच खाने— जुना पाइप अर्धवट खराब, नाहीतर पूर्ण खराब. अर्धवट असला तर पातळ अस्तर, जुन्याच्या आधारानं. पूर्ण असला तर जाड.

"पूर्ण म्हणजे जुना पाइप नाहीच असं धरायचं, बाबा."

"पण हाय ना."

"असला तरी."

जेवण गेलं नाही. ती लाइन माझ्या हातची. जालना जिल्हा झाला त्या साली रोजंदारीवर टाकली. घरांचं पाणी वरच्या चेंबरात, तिथून माझ्या लाइनीनं खाली. चव्वेचाळीस वर्षांत तक्रार नाही. गल्ली मला लाइनवाले बाबा म्हणते. रोज काम संपलं की माती जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडाला विटा लावून घरी जायचो. असं काम होतं माझं!

मॅडम म्हणाल्या, "कॅमेरा शनिवारी येईल. तोवर तुम्हीच सांगा, कशी आहे?"

म्हणालो, ठणठणीत.

५ फेब्रुवारी

खोटं बोललो.

शेवटच्या दिवशी शेजारच्या श्रीपतीच्या भिंतीपुढं पाइप माझ्या हातून आपटला, वरून तडकला. मुकादम बिडी ओढायला गेल्ता. मी तड्यावर घमेलं उपडं घातलं, वर सिमेंट, वर माती— आणि पळालो. घमेलं चोरीला गेलं म्हणून मुकादम आठ दिवस सगळ्यांना शिव्या देत होता. मीही दिल्या.

आता तिथून शाळेची बस जाते. दीपमालाही तिच्यातच असते. पातळ अस्तर घातलं तर भार कुणावर? घमेल्यावर.

६ फेब्रुवारी

श्रीपती नेहमीसारखा मोसंब्या घेऊन आला. तलाठी होता, आता रिटायर. "झाडाला ना खत, ना पाणी, भिवाजी. तरी लदबदलेलं. हातगुण लागतो." काळजीत सहा खाल्ल्या.

विचारलं, श्रीपती, आपण पूर्ण खराब झालो हे कधी समजायचं?

"तू तर पहिल्यापासून अर्धवट. तुला कशाचं टेन्शन?"

७ फेब्रुवारी

पालिकेत जाऊन सगळं सांगितलं. घमेल्यासकट.

मॅडमच्या साहेबांनी विचारलं, "घमेलं किती इंची?" पुस्तकात घमेल्याचा खाना नाही. ते जुन्या पाइपात धरायचं की मातीत, यावर अर्धा तास वाद. मला दोनदा चहा दिला. शेवटी मॅडमनं लिहिलं— पूर्ण खराब. जाड अस्तर. जुना पाइप नाहीच असं धरून.

"वाईट वाटून घेऊ नका बाबा. बसचा धोका टळला."

घरी दीपमालाला सांगितलं. तिनं ताटात अर्धी भाकरी जास्त वाढली.

८ फेब्रुवारी, शनिवार

खालच्या चेंबरातून कॅमेरा आत सोडला. गल्ली पडद्याभोवती.

माझा पाइप कोरडा. आत कोळ्याचं जाळं. घमेलं जागच्या जागी, तसूभर हललेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "यातून पाणी कधी गेलेलंच नाही."

मग वरच्या चेंबराच्या तोंडाशी कॅमेरा थांबला. विटा. माझ्या. त्या दिवशी पळालो तेव्हा काढायच्या राहिल्या.

जुना पाइप नाहीच असं धरलं होतं. बराबर धरलं होतं.

"मग बाबा, गल्लीचं पाणी इतकी वर्षं जातंय कुठं?"

वरचा चेंबर श्रीपतीच्या भिंतीला लागून. सगळ्यांनी भिंतीवरून वर पाहिलं. मोसंबीचं पिवळंजर्द झाड.

९ फेब्रुवारी

श्रीपतीनं मोसंब्या पाठवल्या. बराच वेळ बघत बसलो. मग एक सोलली.

गोडच आहे.